खंजिरीमामांची फाइल

खंजिरीमामांना माणूस आधी पायांवरून कळायचा, मग चेहऱ्यावरून. वॉर्डाच्या दाराकडे पाठ करून ते स्टुलावर बसलेले असायचे आणि मागून कोण येतंय हे मान न वळवता सांगायचे. मी पहिल्यांदा त्या वॉर्डात शिरलो, तेव्हा खाली स्टोअरकीपरशी चादरींच्या मापावरून कडाक्याचं भांडून आलो होतो. दारातच मराठी कानावर पडली. "भांडून आले वाटते. तोंड थांबलं, पाय अजून भांडूनच राहिले." लखनौच्या सरकारी इस्पितळात, मागच्या बाजूच्या वॉर्डात, आपल्या भाषेत आपलं वर्म काढणारा हा कोण, म्हणून मी रागानेच पुढे झालो. काळासावळा, बारीक माणूस. खाकी हाफ शर्ट, मांडीवर खंजिरी. माझ्याकडे बघून हसले आणि म्हणाले, "जय भीम. बसा जी. पाय शांत होऊ द्या."

खंजिरीच्या झांजांना त्यांनी बँडेज गुंडाळलेलं होतं. डोक्याच्या पेशंटला झांजेचा आवाज सुईसारखा टोचतो, असं ते म्हणायचे. त्यामुळे नुसतं कातडं वाजायचं, दमदार आणि मऊ. हजेरीबुकात त्यांचं नाव चतुर्थ श्रेणीत होतं, वॉर्डबॉय म्हणून. बेडपॅन उचलणं, स्ट्रेचर ढकलणं, फरशी पुसणं ही त्यांची नोकरी. त्यातून वेळ काढून ते पेशंटपाशी बसून वाजवायचे आणि गुणगुणायचे. त्या कामाला नाव नव्हतं. सिस्टर त्यांना मामाजी म्हणायच्या, पेशंटही. मी मामा म्हणू लागलो.

मामा वर्धेकडचे. वडील गावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवायचे. दीक्षा घेतल्यावर मंडळ तेच राहिलं, गाणी बदलली. मेहुणा रेल्वेत चारबागला होता, त्याच्या मागे मामा लखनौला आले आणि इस्पितळात लागले. माझे वडील, आबा, तेही रेल्वेतच, फिटर. मी मात्र नोकरीच्या वाटेला गेलो नाही. मॅट्रिकला गचकलो आणि सायकलवर चादरी बांधून दारोदार हिंडलो. पुढे अमीनाबादेत गाळा घेतला आणि इस्पितळांना चादरी-कांबळी पुरवू लागलो. मला कोणी काही दिलेलं नाही. जे मिळवलं ते घासाघीस करून. माझी रीत साधी होती. मनात जे असेल त्याच्या दुप्पट मागायचं. समोरचा कापणार, आपण तोंड कडू करायचं, उठल्यासारखं करायचं आणि मनातल्या जागेवर येऊन बसायचं. अमीनाबादेत पोरंसोरंही हे जाणतात. ही रीत मी इथेच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

आबांना अर्धांगवायू झाला त्या साली मामांची खरी ओळख झाली. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. जन्मभर मोठ्या आवाजात बोललेला माणूस, डोळे वटारून नुसता बघत राहायचा. डॉक्टर साहेब लखनौचे, फार अदबीचे. "दुआ कीजिए," म्हणाले, तेव्हा मी समजलो. त्यांनीच मामांना आबांच्या कॉटपाशी बसायची मुभा दिली. पहिले तीन दिवस मामांनी काहीच वाजवलं नाही. आबांचा श्वास ऐकत बसले. मग आबांचा डावा तळवा हातात घेऊन त्यावर दोन बोटांनी थापी द्यायला लागले आणि गुणगुणायला लागले, "पा-णी, पा-णी." रोज तेच. मला वाटलं, हा माणूस आपली चेष्टा करतोय.

एके दिवशी मी झाडूवाल्यावर खेकसत होतो. मामांची थापी चालूच होती. आबांनी माझ्याकडे बघितलं, ओठ वाकडे केले आणि थापीवर बरोबर तीन ठिकाणी तोडून म्हणाले, "गा-ढ-वा." चार महिन्यांनी ऐकलेला बापाचा पहिला शब्द. मी तिथेच कॉटच्या गजाला धरून उभा राहिलो. मामा म्हणाले, "पाण्यापेक्षा हे जास्त मुरलेलं होतं त्यायच्यात." पुढे आबा पाणी म्हणाले, भाकर म्हणाले, माझं नाव घेतलं. शब्द यायचा तो बोटांच्या ठोक्यावर. घरी आल्यावर ते स्वतःच डाव्या हाताने मांडीवर ठोका देऊन बोलायचे. बारा वर्षं बोलले. बहुतेक मला शिव्याच दिल्या, पण बोलले.

मामांची एक रीत होती आणि ती त्यांनी मला मुन्शीजींवरून समजावली. मुन्शीजी हे त्या वॉर्डातले जुने पेशंट. कुठल्याशा कचेरीत लेखनिक होते, डोक्यावर परिणाम झाला आणि घरच्यांनी आणून सोडलं ते सोडलं. दिवसभर व्हरांड्यात झपाझप फेऱ्या मारायचे. जेवायला बसवलं तर ताट उडवायचे. मामा व्हरांड्याच्या टोकाला बसून त्यांच्या पावलांबरोबर वाजवायचे, तितकंच झपाझप. पाऊण तास नुसती सोबत. मग हळूच लय एक केसभर खाली घ्यायचे. मुन्शीजींचं पाऊल खाली यायचं. आणखी एक केस. शेवटी मुन्शीजी मामांच्या पुढ्यात येऊन मांडी घालून बसायचे आणि ताट पुढे ओढायचे. "आधी त्याच्यासंगं चालाचं भाऊ, मंग त्याले आपल्यासंगं आणाचं. घाई केली का तो पळते." मला ते लगेच पटलं. गिऱ्हाइकाला मीही असाच आणतो. फरक एवढाच की आणल्यावर मामांना त्याच्याकडून काही नको असायचं.

त्यांना जे हवं होतं ते सरकारकडून. दर दोन-तीन वर्षांनी नवा सुपरिंटेंडेंट यायचा, व्हरांड्यात खंजिरी ऐकायचा आणि विचारायचा, "यह कौन है, किस पोस्ट पर है?" पोस्ट नव्हतीच. मग चार-सहा महिने खंजिरी बंद, मामा बेडपॅनवर. तेवढ्यात मुन्शीजी पुन्हा ताट उडवू लागायचे आणि पलीकडचे दोघे-तिघे, जे दोन शब्दांवर आले होते, ते पुन्हा मुके व्हायचे. डॉक्टर साहेब रदबदली करून मामांना परत स्टुलावर बसवायचे आणि सगळं पहिल्यापासून. मामांच्या मनात याचंच भय होतं. "मी रिटायर झालो का हे स्टूलच उचलतीन. माझं काही नाही जी. पण रजिस्टरमंदी या कामाची एक ओळ पाह्यजे. ओळ असली तं माणूस येते." म्हणून ते दर वर्षी सरकारकडे एक अर्ज पाठवायचे. वहीच्या कागदावर, स्वतःच्या हाताने, हिंदीत. पोच सुद्धा येत नसे.

तो अर्ज मी वाचला तेव्हा माझं डोकंच फिरलं. त्यात मागितलं होतं: एक माणूस, एक स्टूल, सकाळी दोन तास. बस्स. मी म्हणालो, "मामा, हा अर्ज आहे का नवस? एवढंसं मागणाऱ्याला सरकार दारात उभं करत नाही." ते म्हणाले, "पण एवढंच पाह्यजे ना." मी त्यांना सांगितलं की यापुढे हे काम माझं. आबांचा शब्द मला त्यांनी दिला होता आणि मला कोणाच्या उपकाराखाली राहणं जमत नाही. शिवाय खोटं कशाला बोलू, सचिवालयाशी घासाघीस करायची मला खुमखुमीही होती.

हजरतगंजला, सचिवालयाबाहेर कडुनिंबाखाली टायपिस्ट बसायचे. त्यातल्या एकाकडून मी चार पानी प्रस्ताव टाइप करून घेतला. पदाचं नाव संगीत उपचारक. पदं दोन. श्रेणी तिसरी नाही, दुसरी. स्वतंत्र खोली, वाद्यं, मदतनीस. आणि पात्रता: पदवीधर, वर संगीतातली पदवी, वय पस्तिसाच्या आत. मामा सावकाश एकेक ओळ बोटाने वाचत गेले आणि पात्रतेवर थांबले.

"भाऊ, मी सातवी पास. वय तं पार गेलं."

"मामा, हे कापायलाच लिहिलंय. मोठी पात्रता असली की पद मोठं दिसतं. ते दोनाचं एक करतील, दुसरीची तिसरी करतील, पदवीच्या जागी अनुभव लिहितील. आपण रडल्यासारखं करू आणि तुमच्या स्टुलावर येऊन थांबू."

"अन् नाही कापलं तं?"

"मामा, बाजार मला शिकवू नका."

मामांनी शेवटच्या पानावर सही केली. ती सही करतानाही डाव्या हाताची बोटं टेबलावर हळू चालत होती.

ती फाइल कैक वर्षं फिरली. आणीबाणीत सगळे बाबू वेळेवर यायचे, पण सही करायला घाबरायचे. आणीबाणी उठली, सरकार बदललं, विभागांच्या खोल्या बदलल्या आणि त्या हलवाहलवीत फाइल गेली. मी पुन्हा टाइप करून नवी केली. डॉक्टर साहेबांनी तिला आपली शिफारस जोडली. बडे बाबू नावाचा जो प्राणी त्या विभागात होता, त्याचा चेहरा मी माझ्या बायकोपेक्षा जास्त वेळ बघितला असेल. एका उन्हाळ्यात मी मलिहाबादच्या बागेतून दशहरी आंब्यांची पेटी आणून मामांच्या हाती दिली आणि सांगितलं, बाबूंच्या घरी पोचवा. मामा इस्पितळावरून गेले. बाबूंच्या घरी पेटी पोचली ती निम्मी. उरलेले आंबे वॉर्डात वाटले होते. मी संतापलो, तर मामा शांतपणे म्हणाले, "त्यायच्या घरी मानसं चार. एवढे कुठं खातीन?" अर्धी पेटी बघून बाबूंचा अपमान झाला आणि फाइल वर्षभर खाली गेली.

दुसऱ्यांदा ती माझ्या तोंडाने खाली गेली. बाबू म्हणाले, "गाना-बजाना तो शादी-ब्याह में होता है, अस्पताल में इसका क्या काम।" मी टेबलावर हात आपटला आणि त्यांच्या सात पिढ्यांपर्यंत जाऊन आलो. चपराशाने मला बाहेर काढलं. बाहेर बाकावर मी बसलो होतो. मामा शेजारी बसले आणि बाकाच्या फळीवर वाजवू लागले, जोरात, माझ्या रागाच्या वेगाने. कितीतरी वेळ. मग हळूहळू खाली आणलं. मला कळत होतं ते काय करतायत, तरी माझा श्वास त्यांच्या बोटांमागे गेला. "तुमाले एक स्टूल द्याव लागते आमच्या वॉर्डात," ते म्हणाले.

शेवटी संचालनालयातून दोन साहेब पाहणीला आले. मी मामांना पढवून ठेवलं होतं. विचारलं तर सांगायचं, पेशंट बरे होतात. व्हरांड्यात मुन्शीजींची फेरी चालू होती, मामा वाजवत होते. मुन्शीजी येऊन बसले, जेवले. आबांनाही मी रिक्षात घालून आणलं होतं. त्यांनी मांडीवर ठोका देत साहेबांना नमस्ते म्हटलं आणि मला उद्देशून एक शिवी घातली. सगळं छान जमलं होतं. तेवढ्यात मोठ्या साहेबांनी विचारलं, "तो इससे मरीज़ ठीक हो जाता है?"

मामा म्हणाले, "नहीं साहब. ठीक नहीं होता. बैठता है, खाता है. कोई-कोई दो बात बोलता है. इतना ही होता है."

मी कपाळावर हात मारून घेतला. पण तो साहेब का कोण जाणे मुन्शीजींच्या ताटाकडे बघत राहिला. जाताना त्याने डॉक्टर साहेबांना सांगितलं की तो लिहील. त्याने लिहिलं. त्या सगळ्या वर्षांत सरकार म्हणून मला भेटलेला तो एकच माणूस.

मंजुरी आली तेव्हा मामांची नोकरी दीड वर्ष उरली होती. बडे बाबूंनी स्वतः मला बोलावून शासनादेशाची नक्कल हातात दिली. "मुबारक हो, लड़-झगड़कर ले ही लिया आपने।" मी तिथे वाचली सुद्धा नाही. चौकातून रेवड्या घेतल्या आणि थेट वॉर्डात गेलो. सिस्टरना वाटल्या, मुन्शीजींना दिल्या. मामांनी खंजिरी खाली ठेवली, हात शर्टाला पुसले आणि कागद घेतला. बोट एकेका ओळीखालून सरकत होतं. पद एक. श्रेणी तिसरी. स्वतंत्र खोली होय, मदतनीस नाही. मी म्हणालो, "बघा, जसं सांगितलं तसं कापत आणलं की नाही?" मामांचं बोट पुढे गेलं आणि थांबलं. त्यांनी कागदाची घडी घातली, माझ्या हातात दिली आणि फार हळू म्हणाले, "भाऊ, ते नाही कापलं जी त्यायनं."

पदवीधर. संगीतातली पदवी. वय पस्तिसाच्या आत. माझीच वाक्यं, शब्दाला शब्द.

ज्या ज्या गोष्टीला सरकारी तिजोरीतून काही जाणार होतं, ती प्रत्येक गोष्ट त्यांनी कापली होती. खोली इस्पितळात होतीच; तिच्याखेरीज पात्रता ही एकच मागणी अशी होती की तिला काही लागत नव्हतं. ती त्यांनी तशीच ठेवली. उलट त्यांना वाटलं असेल, या लोकांचं एवढं तरी पूर्ण मान्य करू. एवढी साधी गोष्ट बाजारात केस पांढरे केलेल्या माणसाला कळायला हवी होती. समोरचा घासाघीस करतोय की नुसती सही करतोय, हे न बघता मी भाव सांगितला होता.

मी पात्रतेत सूट मागायला धावलो. यावेळी बडे बाबूंनी आवाज चढवला नाही, खुर्ची दिली, फाइल उघडून माझ्यापुढे फिरवली आणि शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "योग्यता आप ही ने माँगी थी। आप ही के आदमी के दस्तख़त हैं। अब हम क्या कहें कि यही आदमी अयोग्य है?" मामांची ती सावकाश केलेली सही.  जन्मात पहिल्यांदा मी एखाद्या टेबलावरून काही न बोलता उठलो.

पदावर एक मुलगी आली. एम. ए., आवाज गोड, स्वभावाने फार चांगली. तिला दोष देणं मला जमत नाही, जरी मी प्रयत्न केला. ती पहिल्याच दिवशी मामांच्या स्टुलाशेजारी खाली बसली आणि म्हणाली, "मामाजी, आप बजाइए, मैं सीखूँगी।" मामांना केवढा आनंद झाला होता. मला म्हणाले, "पोरगी ऐकते जी. आपली ओळ आली, माणूसबी आलं." तीन महिने ती त्यांच्याजवळ शिकली. मुन्शीजींना एकदा तिने एकटीने ताटावर बसवलं. मग तिला संचालनालयात अटॅच केलं. मंत्री येतात तेव्हा स्वागतगीत बसवायला त्यांना कोणीतरी हवंच होतं. पगार आमच्या इस्पितळातून, गाणं तिकडे. ती जाताना रडली. कागदावर पद भरलेलंच राहिलं, त्यामुळे दुसरं माणूस मागता येईना.

आणि मामांना लेखी मनाई आली. आता त्या कामाचं पद होतं, म्हणून पात्रता नसलेल्या कर्मचाऱ्याने ते काम करू नये, केल्यास कारवाई होईल. जोवर पद नव्हतं तोवर त्यांना नुसतं हटकायचे. पद झाल्यावर त्यांचं वाजवणं गुन्हा झालं. डॉक्टर साहेबांनीही हात जोडले. म्हणाले, अब तो क़ायदा बन गया है. मामांनी खंजिरी घरी नेऊन ठेवली आणि बेडपॅन उचलू लागले. मुन्शीजी व्हरांड्यात फिरायचे आणि मामा बादली घेऊन जाताना दिसले की समोर येऊन उभे राहायचे, वाट बघत. एकदा मामांनी बादलीच्या काठावर चार ठोके दिले. कोणीतरी वर कळवलं. मेमो मिळाला. पेन्शनला चार महिने उरले होते.

त्याच चार महिन्यांत आबांना दुसरा झटका आला. वॉर्ड तोच, दोन कॉट सोडून. या खेपेस डावा हातही गेला, म्हणजे ते मांडीवर जो ठोका द्यायचे तोही गेला. डोळे तेवढे जागे होते आणि माझ्यावर रोखलेले होते. मी मामांना म्हणालो, "मामा, आणा खंजिरी. होऊ दे काय व्हायचं ते, मी बघतो एकेकाला." मामा म्हणाले, "तुमी भांडान भाऊ. पेन्शन माही जाईन. घरी बुढी हाय." ते खरं होतं. आणि तरीही दुपारी, सिस्टर जेवायला गेल्यावर, ते फडकं घेऊन आले, फरशी पुसायचं निमित्त करून कॉटपाशी खाली बसले आणि कॉटच्या लोखंडी पायावर नखाने ठोका देऊ लागले. पा-णी, पा-णी. ओठ नुसते हलत होते. दाराकडे कान लावून, पावलांची चाहूल घेत वाजवत होते ते. जो माणूस दुसऱ्याच्या पावलांवर त्याला बरं वाटावं म्हणून कान ठेवायचा, तो आता पकडले जाऊ नये म्हणून ठेवत होता. ठोका इतका हळू होता की मी शेजारी उभा असून मला जेमतेम ऐकू आला. आबांपर्यंत तो गेला नाही. पाच दिवस मामा असे येत राहिले. सहाव्या दिवशी आबा गेले, एक शब्द न बोलता. शिवी सुद्धा नाही.

मामा रिटायर झाले ते वॉर्डबॉय म्हणूनच. सामान फार नव्हतंच. बुढीला, म्हणजे मामींना, घेऊन ते वर्धेकडे निघाले, तेव्हा चारबाग स्टेशनवर मी एकटाच पोचवायला गेलो. मला त्यांनी एकदा तरी बोलावं असं वाटत होतं. कडक बोलावं, माझ्या तोंडावर सांगावं की तू माझं स्टूल घालवलंस. मी स्वतःच विषय काढला. बाबूंना शिव्या घातल्या, सरकारला घातल्या, आवाज चढत गेला, फलाटावरचे लोक बघू लागले. मामांनी नेहमीसारखी बाकावर बोटं टेकवली. मी वाट बघितली. बोटं तशीच राहिली.

"येत नाही जी आता," ते म्हणाले. "हात उचलला का कोणी येऊन राहिलं, असं वाटते."

गाडी आली. खिडकीतून म्हणाले, "तुमी वाईट केलं नाही भाऊ. तुमाले जे येते ते तुमी केलं." मला सुनावलं असतं तर बरं झालं असतं. दोन वर्षांनी त्यांच्या मेहुण्याकडून कळलं की मामा गेले. खंजिरी होती म्हणे ट्रंकेत, झांजांना बँडेज तसंच.

त्या इस्पितळाला मी अजून चादरी पुरवतो. व्हरांड्याच्या टोकाला एक खोली आहे, दारावर निळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत संगीत उपचार कक्ष असं लिहिलेलं आहे. पाटीला मामांना हवी होती ती ओळ म्हणता येईल. दाराला कुलूप असतं. किल्ली स्टोअरकीपरकडे, कारण खोली रिकामी म्हणून त्याने तिथे माल ठेवायला सुरुवात केली. मुन्शीजी आता फार थकले आहेत, पण फेऱ्या चालूच आहेत. त्या दारापुढे ते दर फेरीला थांबतात, जरा वेळ ऐकतात आणि पुढे जातात. मागच्या महिन्यात कुलूप उघडून मी माल आत लावत होतो, तर ते माझ्यामागून आत आले आणि चादरींच्या गठ्ठ्यापुढे मांडी घालून बसले. कोपऱ्यात मामांचं स्टूल उलटं पडलं होतं. मी त्यांना उठवायला गेलो. मग ते स्टूल सरळ केलं आणि त्यावर बसलो. वाजवता मला येत नाही. मुन्शीजी माझ्या हातांकडे बघत राहिले, ताट पुढे यायची वाट बघावी तसे, आणि स्टोअरकीपर कुलूप लावायला येईपर्यंत आम्ही दोघे तसेच बसून होतो.